दोन कोटेशनांमधून डेटाबेस निवडताना : ओपन सोर्स आणि मालकीच्या सॉफ्टवेअरची सुरक्षेच्या अंगाने तुलना कशी करावी

सोलापुरात अक्कलकोट रोडवरचा टॉवेलचा कारखाना असो, नवी पेठेतली पतसंस्था असो किंवा मार्केट यार्डातली कांद्याची अडत असो, सॉफ्टवेअर बदलायचे ठरले की टेबलावर साधारणपणे दोन कोटेशने येतात. एकात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर किंवा ओरॅकल हा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारे सॉफ्टवेअर, असतो आणि परवान्याची रक्कम वेगळ्या ओळीत मांडलेली असते. दुसऱ्यात पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असतो आणि परवान्यापुढे शून्य लिहिलेले असते. पहिला विक्रेता सांगतो की फुकटच्या सॉफ्टवेअरला कोणी वाली नसतो. दुसरा सांगतो की ज्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो त्यात चोरवाट राहूच शकत नाही. दोघेही अर्धेच सांगतात. ही दोन कोटेशने सुरक्षेच्या आणि डेटाबेसच्या दृष्टीने कशी ताडून पाहावीत, कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत आणि मिळालेली उत्तरे प्रत्यक्ष कशी पडताळावीत, एवढाच या मार्गदर्शनाचा विषय आहे.

तुलनेला हात घालण्यापूर्वी एक नेहमीची गल्लत दूर केलेली बरी. फुकट मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर ओपन सोर्स नसते. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती विनामूल्य आहे, पण तिचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, मायक्रोसॉफ्टकडेच राहतो आणि तिच्यावर मर्यादाही आहेत. उलट पोस्टग्रेएसक्यूएल, ज्याला सगळे पोस्टग्रेस म्हणतात, ओपन सोर्स आहे. तरीही त्याच्या देखभालीसाठी पैसे घेणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यात काही गैर नाही. ओपन सोर्समध्ये कोड पाहण्याचा, बदलण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क मिळतो. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरण्याची परवानगी मिळते, तीही परवान्यातल्या अटींवर.

आधी आपल्याकडे काय आहे ते लिहून काढा

विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : डेटा किती आहे आणि किती वाढेल, काम किती वेळ बंद राहिले तर चालेल, आणि त्या डेटात कोणाकोणाची व्यक्तिगत माहिती आहे.

आकाराचा हिशेब वाटतो तेवढा अवघड नसतो. समजा कारखान्यात दिवसाला २०० बिले होतात आणि प्रत्येक बिल आपल्या ओळी व इंडेक्स (शोधसूची) धरून सुमारे ५ केबी जागा घेते, तर दिवसाला १ एमबी आणि वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ३०० एमबी भरतात. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, म्हणजे या गतीने ती तीस वर्षे पुरेल. २०२५ च्या आवृत्तीत तर ही मर्यादा ५० जीबी झाली आहे. मात्र त्याच बिलांसोबत लॉरी पावतीचे ५०० केबीचे स्कॅन डेटाबेसच्या आतच साठवण्याची सोय विक्रेत्याने करून ठेवली असेल, तर दिवसाला १०० एमबी वाढतात आणि १० जीबी शंभर दिवसांत संपतात. तेव्हा “एक्सप्रेस पुरेल का” या प्रश्नाआधी “स्कॅन कुठे साठवणार” हा प्रश्न विचारावा. एक्सप्रेस मेमरीही जेमतेम दीड जीबीपर्यंत आणि प्रोसेसरचे जास्तीत जास्त चार कोअर वापरते. मशीन कितीही मोठे घेतले तरी त्यात फरक पडत नाही. पोस्टग्रेस आणि मारियाडीबीत अशा विक्रीच्या मर्यादा नाहीत.

काम बंद राहण्याचे गणित धंद्यागणिक बदलते. अडतीत लिलाव झाल्यावर वजन, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हाती पट्टी द्यायची असते; तिथे दोन तास संगणक बंद पडला तर गाळ्यासमोर गर्दी होते. टॉवेलच्या कारखान्यात बिलिंग एक दिवस थांबले तरी माग चालू राहतात, पण मजुरीच्या वाटपाच्या दिवशी थांबून चालत नाही. हा आकडा तासांत लिहावा, कारण पुढे बॅकअपची निवड त्याच्यावरच ठरते.

व्यक्तिगत माहितीबाबत आता ढिलाई परवडणारी नाही. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. रुग्णालयातील तपासण्यांचे अहवाल, पतसंस्थेतील सभासदांचे आधार क्रमांक, कामगारांचे बँक खाते क्रमांक हे सगळे त्याच्या कक्षेत येते, मग डेटाबेस कोणत्याही कंपनीचा असो वा कोणाच्याच मालकीचा नसो.

उघडा कोड आणि बंद कोड : इतिहास काय सांगतो

२५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाच्या, स्वतःहून पसरणाऱ्या संगणकी किड्याने एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या एका त्रुटीतून जगभर धुमाकूळ घातला. तो अवघ्या ३७६ बाइटचा होता आणि असुरक्षित असलेले बहुतेक सर्व्हर त्याने सुमारे दहा मिनिटांत गाठले. महत्त्वाचे असे, की मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, दिला होता. मालकी कंपनीने आपले काम केले होते. पॅच बसवणारा हात हलला नव्हता.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण हार्टब्लीडचे. ओपनएसएसएल ही सर्व्हरांचा संवाद कूटबद्ध, म्हणजे गुप्त लिपीत, करणारी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरना वापरता येणारा तयार कोड. त्याच्या मार्च २०१२ च्या आवृत्तीत शिरलेली चूक एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. दोन वर्षे कोड सर्वांसमोर होता, पण समोर असणे आणि कोणीतरी तो बारकाईने वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले.

तिसरे उदाहरण दोन्ही पक्षांना विचार करायला लावणारे आहे. मार्च २०२४ मध्ये लिनक्स या ओपन सोर्स कार्यप्रणालीच्या एक्सझेड या, फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात जाणूनबुजून घुसवलेली चोरवाट सापडली. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेसचे विकसक आणि त्या वेळी मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून ते माग काढत गेले. ओपन सोर्समध्ये चोरवाट शिरू शकते हे खरे, आणि बाहेरच्या माणसाला तिचा माग काढता आला तो कोड उघडा होता म्हणून, हेही खरे. बंद कोडमध्ये असा अर्धा सेकंद कोणाला खटकला असता तर तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहण्यापलीकडे त्याला फारसे काही करता आले नसते. या एका मुद्द्यावर मी ओपन सोर्सला झुकते माप देतो.

विक्रेते कधी कधी त्रुटींच्या जाहीर यादीतले आकडे मोजून दाखवतात : अमुक डेटाबेसच्या एवढ्या त्रुटी, तमुकच्या तेवढ्या. हा मापदंड फसवा आहे. जो प्रकल्प आपल्या त्रुटी काटेकोरपणे जाहीर करतो त्याची यादी लांब दिसते. यादीची लांबी पाहण्यापेक्षा त्रुटी जाहीर झाल्यापासून दुरुस्ती किती दिवसांत आली आणि ती आपल्या संगणकापर्यंत किती दिवसांत पोहोचली, हे पाहावे. टॉवेल घेणारा जाणता ग्राहक लेबल न वाचता वजन करून जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे वजन, पाहतो, तसे.

पॅचचे वेळापत्रक : तुलनेचा खरा गाभा

दोन्ही कोटेशनांच्या कडेला पॅचची वेळापत्रके लिहावीत. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा दुरुस्त्या देते. ओरॅकलच्या मोठ्या दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तिमाहीने येतात, आणि मायएसक्यूएल ओरॅकलकडे असल्यामुळे त्यालाही हेच चक्र लागू आहे. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात, आणि प्रकरण गंभीर असेल तर मधल्या काळातही येतात.

आधार, म्हणजे एखाद्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळत राहणे, किती वर्षे मिळतो, हा त्याच्याइतकाच महत्त्वाचा स्तंभ आहे आणि इथे पारडे मालकीच्या बाजूला झुकते. पोस्टग्रेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. एसक्यूएल सर्व्हरला पाच वर्षांचा मुख्य आणि नंतर पाच वर्षांचा विस्तारित, असा एकूण दहा वर्षे आधार मिळत आला आहे. ज्या संस्थेत एकदा बसवलेले सॉफ्टवेअर दहा वर्षे कोणी हलवत नाही, आणि अशा संस्था आपल्याकडे भरपूर आहेत, तिथे हा फरक कागदावरचा राहत नाही. मात्र दहा वर्षेही संपतात. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा आधार ९ जुलै २०२४ रोजी संपला आणि २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६ पर्यंतच आहे. मायएसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. पोस्टग्रेस १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली.

तेव्हा करायचे काय? सध्या चालू असलेल्या डेटाबेसची पूर्ण आवृत्ती, शेवटच्या अंकापर्यंत, विक्रेत्याकडून लेखी मागावी. “लेटेस्ट आहे” हे उत्तर स्वीकारू नये. मग त्या अंकासमोर आधार संपण्याची तारीख आणि शेवटचा पॅच बसवल्याची तारीख लिहावी. आपल्याकडे अडचण बहुधा डेटाबेसपाशी नसते, ती त्याच्यावर बसवलेल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरपाशी असते : ते दहा वर्षांपूर्वी लिहिलेले असते, नव्या आवृत्तीवर चालेल याची खात्री लिहिणाऱ्यालाच नसते, आणि म्हणून डेटाबेस जुनाच ठेवला जातो. अशा वेळी डेटाबेस ओपन सोर्स आहे की मालकीचा, याने काही फरक पडत नाही. नवीन मुख्य आवृत्ती आल्यावर किती महिन्यांत तुमचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालवून दाखवाल, हा प्रश्न दोन्ही विक्रेत्यांना सारख्याच शब्दांत विचारावा. जो उत्तर टाळेल त्याचे कोटेशन कितीही स्वस्त असले तरी ते महाग आहे.

पॅच बसवण्याचा दिवस आपल्या धंद्याच्या पंचांगाप्रमाणे ठरवावा. अडतीसाठी डिसेंबर-जानेवारीतली कांद्याची मोठी आवक टाळावी. कारखान्यांनी आणि पतसंस्थांनी मार्चअखेर टाळावी. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मदतीला माणूस मिळणे कठीण जाते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र गंभीर त्रुटीवरचा पॅच मुहूर्तासाठी ताटकळत ठेवू नये.

कोणत्या आवृत्तीत काय मिळते

मालकीच्या डेटाबेसची जाहिरात बहुधा सर्वांत महागड्या आवृत्तीची असते आणि कोटेशन सर्वांत स्वस्त आवृत्तीचे. म्हणून सुरक्षेच्या प्रत्येक सोयीसमोर ती नेमक्या कोणत्या आवृत्तीत आहे हे लिहून घ्यावे. डिस्कवरचा संपूर्ण डेटाबेस आपोआप कूटबद्ध करण्याची (एन्क्रिप्शनची) सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्वी फक्त एंटरप्राइझ आवृत्तीत होती, २०१९ पासून ती स्टँडर्डमध्येही आली, एक्सप्रेसमध्ये नाही. पोस्टग्रेसच्या मूळ वितरणात ही सोय नाही. तिथे संपूर्ण डिस्कच कूटबद्ध करावी लागते, लिनक्सवर लक्स किंवा विंडोजवर बिटलॉकर वापरून. मारियाडीबीत ती विनामूल्य आवृत्तीतच मिळते. म्हणजे “ओपन सोर्समध्ये एन्क्रिप्शन नसते” हेही चुकीचे आणि “एसक्यूएल सर्व्हर घेतला की एन्क्रिप्शन आलेच” हेही चुकीचे.

शिवाय ही सोय कशापासून वाचवते हे समजून घ्यावे. सर्व्हर किंवा त्याची डिस्क चोरीला गेली, दुरुस्तीला दिलेली डिस्क परत आली नाही, तर ती उपयोगी पडते. ज्याच्याकडे डेटाबेसचा पासवर्ड आहे त्याच्यापुढे ती निरुपयोगी आहे, कारण त्याला डेटा उलगडूनच दिसतो. माझ्या मते लहान संस्थेने आधी बॅकअपच्या फायली कूटबद्ध कराव्यात, कारण चोरीला जातो तो बहुधा कपाटातला पेन ड्राइव्ह.

नोंदी ठेवण्याची सोय, म्हणजे कोणी कधी काय बदलले याचा लेखाजोखा, हा दुसरा मुद्दा. मायएसक्यूएलचे अधिकृत ऑडिट प्लगइन पैसे मोजून घ्यावयाच्या एंटरप्राइझ आवृत्तीत आहे. मारियाडीबीचे विनामूल्य आहे. पोस्टग्रेससाठी पीजीऑडिट नावाचा विस्तार आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारी बदलांची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. हिशेबाच्या पडद्यावरून झालेला बदल त्या नोंदीत येतो. परंतु विक्रेत्याचा माणूस दूरस्थ जोडणीने डेटाबेसमध्ये थेट शिरून एखादा आकडा “सरळ” करून देतो, तो बदल त्या नोंदीत येईलच असे नाही. आपल्या लेखापरीक्षकाला हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा.

बसवलेली जोडणी जवळून पाहा

इथे एक नमुना थोडा जवळून पाहू, कारण अनेक घरफोड्या याच वाटेने होतात. कार्यालयात एका टेबलाखाली विंडोजचा संगणक आहे, त्याच्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आहे. सर्वाधिकार असलेले एसए हे खाते चालू आहे आणि त्याचा पासवर्ड म्हणजे विक्रेत्याच्या दुकानाचे नाव आणि पुढे १२३. त्या विक्रेत्याच्या सगळ्या ग्राहकांकडे तोच. मालकांना पुण्याहून सुताचा साठा पाहता यावा म्हणून राउटरवर १४३३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे डेटाबेसकडे जाणारे दार, बाहेरून आत वळवलेले आहे. सगळे सुरळीत चालू आहे आणि कोणाची काही तक्रार नाही.

आता एसक्यूएल सर्व्हरचे मॅनेजमेंट स्टुडिओ हे साधन उघडून सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, जावे. तिथे एसए या नावाने लॉगिन फसल्याच्या ओळी दिसतात, त्रुटी क्रमांक १८४५६, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ज्या पत्त्यावरून प्रयत्न झाला तो पत्ता. पोर्ट बाहेर उघडे असेल तर अशा ओळी रात्रंदिवस येत राहतात आणि पत्ते कार्यालयातले नसतात. इथे एक खाचखळगा आहे : मूळ मांडणीत एसक्यूएल सर्व्हर फक्त फसलेली लॉगिन नोंदवतो, यशस्वी झालेली नोंदवत नाही. म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या ओळींचा पाऊस एके दिवशी अचानक थांबला, तर तो समाधानाचा विषय असेलच असे नाही. सर्व्हरच्या सुरक्षा मांडणीत जाऊन दोन्ही प्रकारची लॉगिन नोंदवण्याचा पर्याय निवडावा.

पोस्टग्रेस बसवलेला असेल तर पीजी एचबीए नावाची फाइल उघडून पाहावी. तिच्यात कोणत्या पत्त्यावरून कोणाला कसा प्रवेश आहे हे ओळीओळीने लिहिलेले असते. सगळीकडे शून्ये असलेला पत्ता म्हणजे अख्खे जग. आणि ओळीच्या शेवटी ट्रस्ट हा शब्द असेल तर पासवर्डच विचारला जात नाही. आवृत्ती १४ पासून पासवर्डसाठी स्क्रॅम ही पद्धत मूळ मांडणीतच आहे. जुन्या आवृत्तीवरून आलेल्या मांडणीत एमडी५ ही जुनी पद्धत राहून गेली असेल तर ती बदलून घ्यावी. मारियाडीबीत किंवा मायएसक्यूएलमध्ये रूट या सर्वाधिकार असलेल्या खात्यासमोर टक्क्याचे चिन्ह दिसले तर त्या खात्याला कुठूनही प्रवेश आहे असे समजावे.

तपासणी घरबसल्या होते. मोबाइलचे वायफाय बंद करून, सिमच्या इंटरनेटवरून, कार्यालयाच्या सार्वजनिक पत्त्यावरील १४३३, ३३०६ आणि ५४३२ ही पोर्ट तपासणाऱ्या साध्या ॲपने उघडी आहेत का ते पाहावे. एकही उघडे दिसता कामा नये. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या आणखी एका डेटाबेसचे हजारो सर्व्हर पुसून खंडणी मागितली गेली, ते पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे ठेवलेले होते. कोड फोडण्याची कोणाला गरजच पडली नाही. मालकांना बाहेरून साठा पाहायचा असेल तर व्हीपीएन, म्हणजे कूटबद्ध खासगी जोडणी, लावावे. वायरगार्ड हे त्यासाठीचे ओपन सोर्स साधन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, विंडोजवर आणि मोबाइलवरही चालते. मालकीचा डेटाबेस आणि त्याच्या पुढ्यात ओपन सोर्स व्हीपीएन, ही जोडी उत्तम चालते. एकच पंथ स्वीकारण्याचे बंधन नाही.

परवाना आणि बाहेर पडण्याची वाट

मालकीच्या सॉफ्टवेअरबाबत पहिला प्रश्न असा, की बसवलेली प्रत कशाची आहे. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती विनामूल्य आहे आणि तिच्यात एंटरप्राइझच्या सगळ्या सोयी आहेत, पण तिचा परवाना केवळ विकास आणि चाचणीसाठी आहे. रोजच्या धंद्याला ती लावून देणारे विक्रेते भेटतात. “फुल व्हर्जन आहे” असे ते म्हणतात तेव्हा नाव तपासावे. क्रॅक केलेल्या प्रतीविषयी तर बोलायलाच नको : सुरक्षेचे सॉफ्टवेअर बंद करून अनोळखी फाइल सर्वाधिकाराने चालवणे ही तिची पहिली पायरीच असते. खरेदीच्या परवान्यात कोअरप्रमाणे आकारणी असेल तर किमान चार कोअरचा परवाना घ्यावा लागतो, हेही कोटेशनमध्ये दिसले पाहिजे.

ओपन सोर्सच्या बाजूला परवाना बदलण्याचा धोका आहे. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाना कडक केला. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये केला, त्यावर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फाटा, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा चालवलेला प्रकल्प, निघाला, आणि २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक ओपन सोर्स पर्याय दिला. मायएसक्यूएल सन कंपनीमार्गे २०१० मध्ये ओरॅकलकडे गेला, तोवर त्याच्या मूळ कर्त्यांनी मारियाडीबी सुरू केलेला होता. एकाच कंपनीच्या हातातला प्रकल्प आणि अनेक संस्थांनी मिळून चालवलेला प्रकल्प यांत म्हणूनच फरक करावा. पोस्टग्रेस दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि १९९६ पासून त्या नावाने चालत आला आहे. फाटा फुटण्याचा त्रास होतो खरा. पण फाटा फुटू शकतो हीच ओपन सोर्स वापरणाऱ्याची खरी सुरक्षितता. मालकीचे उत्पादन कंपनीने बंद केले तर तसा मार्ग उरत नाही.

बाहेर पडण्याची वाट तोंडी विचारू नये, चालून पाहावी. विक्रेत्याला सांगावे की सगळ्या तक्त्यांचा डेटा मजकूर फायलींत काढून द्या. पोस्टग्रेसचा साधा डंप, म्हणजे सगळा डेटा मजकुरात उतरवलेली फाइल, कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येतो. एसक्यूएल सर्व्हरची बॅकअप फाइल एसक्यूएल सर्व्हरच वाचतो, तोही तेवढ्याच किंवा नव्या आवृत्तीचा. जुन्या आवृत्तीवर ती चढत नाही. कराराच्या शेवटी डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल, हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे.

बॅकअपची परीक्षा

बॅकअप घेतला जातो का, हे विचारून काहीच कळत नाही. रिकामा संगणक आणावा, कालचा बॅकअप त्याच्यावर चढवायला सांगावे आणि घड्याळ लावावे. शेवटचे बिल, सुताचा शिल्लक साठा आणि एखाद्या व्यापाऱ्याची येणेबाकी ताडून पाहावी. लागलेला वेळ सुरुवातीला लिहिलेल्या तासांपेक्षा जास्त निघाला, तर ती जोडणी अनुत्तीर्ण.

एक्सप्रेसमध्ये ठरावीक वेळी आपोआप काम करणारा एजंट नाही, त्यामुळे बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून लावावा लागतो, आणि कोणीतरी विंडोजचा पासवर्ड बदलला की तो निमूटपणे बंद पडू शकतो. पोस्टग्रेसमध्ये व्यवहारांच्या नोंदी सतत बाजूला साठवून दुपारी तीन वाजून दहा मिनिटांच्या स्थितीला परत जाता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्येही पूर्ण रिकव्हरी आणि लॉग बॅकअप लावल्यास हे जमते. दोघांनाही ते शिकलेला माणूस लागतो. एक प्रत कार्यालयाबाहेर, एक प्रत संगणकापासून तोडून ठेवावी. आणि सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेता सर्व्हर पत्र्याच्या शेडमध्ये, मागांच्या धुरळ्यात ठेवू नये. यूपीएसची बॅटरी एप्रिलआधी तपासावी.

निवड आणि करारातल्या अटी

माझा कल स्पष्ट सांगतो. ज्यांचे चालू सॉफ्टवेअर एक्सप्रेसवर आहे, डेटा मर्यादेत आहे आणि विक्रेता पॅच देतो, त्यांनी डेटाबेस बदलण्यावर पैसे घालवू नयेत. तेच पैसे वर सांगितलेल्या दुरुस्त्यांवर खर्च करावेत. नव्याने सॉफ्टवेअर लिहून घेणाऱ्यांनी पोस्टग्रेस मागावा, आणि परवान्याचे वाचलेले पैसे देखभालीच्या वार्षिक करारात घालावेत. ते वाचले म्हणून खिशात घातले तर ओपन सोर्सला खरोखरच वाली उरत नाही. मोठ्या रुग्णालयांनी आणि शाखा असलेल्या पतसंस्थांनी मात्र तयार उत्पादन ज्या डेटाबेसवर अधिकृतपणे चालते तोच घ्यावा. विक्रेत्याचा आधार नसलेली जोडणी तिथे धोक्याची ठरते.

माणूस कोण, हे दोन्ही कोटेशनांत नावानिशी विचारावे. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. रात्री सर्व्हर पडला तर तिथून माणूस सकाळी निघेल. गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून डेटाबेस शिकून बाहेर पडणारी मुले दरवर्षी असतात, त्यांतला एखादा आपल्याकडे तयार करणे शक्य आहे का ते पाहावे.

अखेरीस करारात या गोष्टी शब्दशः याव्यात : गंभीर त्रुटीवरचा पॅच किती दिवसांत बसेल, बॅकअप चढवून दाखवण्याची चाचणी दर तिमाहीला होईल आणि तिच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील, सर्वाधिकाराचे पासवर्ड संस्थेच्या ताब्यात राहतील आणि विक्रेत्याला वेगळे, मर्यादित खाते मिळेल, लॉग १८० दिवस जपले जातील, आणि घुसखोरी लक्षात येताच विक्रेता संस्थेला तत्काळ कळवील. शेवटच्या दोन अटी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे लागतात, कारण त्यांनुसार लॉग तेवढे दिवस जपावे लागतात आणि अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवावी लागते. सहा तासांत फोन कोणी करायचा, त्या व्यक्तीचे नाव आणि तिच्या गैरहजेरीतल्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव करारासोबतच्या कागदावर लिहून तो कागद सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवावा.